उलटीच्या गोळीचे स्वतःचे त्रास

मालवण तालुक्यातील एका बाजाराच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. आमच्या गावात केमोथेरपी मिळत नाही. त्यासाठी लोक मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात, गोव्यात बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात, सलाईन लावून घेतात आणि त्याच रात्रीच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या गाडीने घरी परततात. केमोचे औषध बहुतेक वेळा शिरेतून देऊन झालेले असते. घरी येणाऱ्या पिशवीत असतात त्या मुख्यतः उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या. म्हणजे केमोनंतरचे पहिले पाच-सहा दिवस रुग्ण ज्या औषधांच्या सोबतीने काढतो, ती ही औषधे होत. तरीही या दिवसांत जे काही होईल ते ‘केमोमुळे’ असे धरून घरचे लोक निमूटपणे सोसत राहतात. त्यातील बराचसा त्रास प्रत्यक्षात उलटीच्या गोळीचा असतो, आणि गोळीचा असल्यामुळेच तो पुष्कळदा कमी करता येतो. मात्र कोणती गोळी कोणता त्रास देते हे माहीत असल्याशिवाय तो डॉक्टरांना नीट सांगता येत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर असाच एक मुलगा दुकानात आला. आईला स्तनाचा कर्करोग, ‘लाल सलाईन’चा, म्हणजे डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या केमोच्या औषधाचा, पहिला डोस होऊन सहा दिवस झालेले. “आवशीक अजून मळमळता. उलटीची गोळी संपली, आणखी एक पट्टी दे,” असे त्याचे म्हणणे. गोळी होती ओंडान्सेट्रॉन, जी आपल्याकडे एमेसेट किंवा ओंडेम या नावांनी ओळखली जाते. चिठ्ठीवर ती तीन दिवसांसाठी होती; घरच्यांनी ती ओळखीच्या दुसऱ्या दुकानातून आणून सहा दिवस, रोज तीन वेळा चालू ठेवली होती. मी विचारले, पोट साफ होते का? त्यावर तो म्हणाला, “चार दिस पोट साफ जावक नाय, पण खाणाच नाय तर होतला काय?” मी त्याला दुसरी पट्टी दिली नाही, आणि रुग्णालयाच्या दिलेल्या क्रमांकावर आधी फोन करायला लावला. त्याचे कारण समजण्यासाठी मळमळ मुळात कशी होते, हे थोडे पाहावे लागेल.

मळमळ पोटात जाणवत असली तरी तिचा कारभार मेंदूतून चालतो. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन हे रसायन आतड्यात असते, आणि तेथील अस्तरातील काही खास पेशींनी ते साठवून ठेवलेले असते. केमोचे औषध रक्तावाटे तेथे पोहोचले की या पेशी दुखावतात आणि साठवलेले सेरोटोनिन एकदम बाहेर सोडतात. अगदी शेजारी व्हेगस या मोठ्या मज्जातंतूची टोके असतात. ती हा इशारा मेंदूच्या देठाशी असलेल्या ओकारीच्या यंत्रणेपर्यंत पोहोचवतात, आणि ती यंत्रणा पोटात विष गेले असावे असे समजून ते बाहेर फेकण्याच्या तयारीला लागते. कुजका मासा किंवा विषारी अळंबी खाल्ल्यावर जीव वाचवण्यासाठी तयार झालेली ही व्यवस्था आहे. औषध शिरेतून आले आहे आणि ओकून ते बाहेर पडणार नाही, हे तिला कळण्याचा काही मार्ग नाही.

सेरोटोनिनचा हा जोर मुख्यतः पहिल्या चोवीस तासांत असतो. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत, मेंदूतील ‘सबस्टन्स पी’ नावाचे दुसरे रसायन अधिक कारणीभूत ठरते. डोपामिन हे तिसरे रसायनही त्यात सामील असते. याशिवाय, पहिल्या डोसला खूप उलट्या झालेल्या माणसाला पुढच्या खेपेस रुग्णालयाचा जिना चढतानाच किंवा स्पिरिटच्या वासानेच ढवळू लागते. ते शिकलेल्या आठवणीतून येते, पण म्हणून ते खोटे नसते. एकाच उलटीला इतक्या वाटा असल्यामुळे एकच गोळी पुरत नाही. सिस्प्लॅटिनसारखे केमोचे औषध किंवा लाल सलाईन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही जोडगोळी यांत प्रतिबंधक औषध न दिल्यास १०० पैकी ९० हून अधिक जणांना उलट्या होतात, म्हणून अशा रुग्णांना हल्ली तीन-चार वेगवेगळ्या जातींची औषधे एकत्र दिली जातात. चिठ्ठीवर उलटीसाठीच चार नावे पाहून ‘इतकी कशाला?’ असे वाटणे साहजिक आहे. प्रत्येक गोळी वेगळी वाट अडवते. आणि प्रत्येकीचा त्रासही वेगळा असतो.

या औषधांनी फरक किती पडला, हे विसरू नये. १९८० च्या दशकात सिस्प्लॅटिन घेणाऱ्या रुग्णाला मेटोक्लोप्रमाइडचे मोठाले डोस देऊन कसेबसे सावरावे लागत असे. ओंडान्सेट्रॉनला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. साठीच्या पुढच्या माणसांच्या मनात केमो म्हणजे घमेल्यावर वाकलेला माणूस असे जे दृश्य आहे, ते त्या आधीच्या काळातले आहे. म्हणून पुढे जे त्रास सांगणार आहे, ते वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत. उलट्यांनी शरीरातील पाणी आणि क्षार कमी होणे हे बद्धकोष्ठापेक्षा किंवा झोप उडण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक असते.

आता ओंडान्सेट्रॉन. ग्रॅनिसेट्रॉन आणि पॅलोनोसेट्रॉन ही त्याच घराण्यातील औषधे. ती सेरोटोनिनला मज्जातंतूवर बसू देत नाहीत. मात्र आतड्यातील सेरोटोनिनचे काम केवळ उलटीचा इशारा देणे नव्हे. अन्न पुढे ढकलणाऱ्या आतड्याच्या लाटाही त्याच्या मदतीने चालतात. इशारा अडवला की लाटाही मंदावतात. म्हणून या गोळ्यांचे दोन सर्वांत सामान्य त्रास म्हणजे डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ. डोकेदुखी बहुधा सौम्य असते आणि आपोआप जाते. बद्धकोष्ठाचे मात्र तसे नाही. त्यात रुग्ण कमी खातो, कमी पाणी पितो, झोपून राहतो. वेदनेसाठी मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल चालू असेल तर तीही औषधे आतडे मंद करतात. (ट्रामाडॉलचा वेदनाशामक परिणाम ओंडान्सेट्रॉनमुळे कमी होऊ शकतो, ही आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखी आहे.)

आणि तुंबलेल्या पोटाने पुन्हा मळमळते. येथेच त्या मुलाच्या घरी घोटाळा झाला होता. तिसऱ्या दिवसापर्यंत मळमळ केमोची होती. पाचव्या-सहाव्या दिवशी जी मळमळ उरली होती तिच्यात खडा धरलेल्या पोटाचा वाटा मोठा असावा. ती थांबवण्यासाठी घेतलेली प्रत्येक गोळी पोट आणखी तुंबवत होती. शिवाय ओंडान्सेट्रॉनचा खरा उपयोग पहिल्या दिवशी. उशिरा येणाऱ्या मळमळीवर ते तितके प्रभावी नसते. पॅलोनोसेट्रॉनचा अंमल तर इतका लांब असतो की रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ४० तास लागतात. सलाईनबरोबर तेच इंजेक्शन दिले असेल तर त्यावर घरी पुढचे दोन-तीन दिवस ओंडान्सेट्रॉनच्या गोळ्या घेऊन पदरात फारसे काही पडत नाही, बद्धकोष्ठ मात्र वाढते. कोणते इंजेक्शन दिले होते हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असते. दोन्ही नावे दिसली तर डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

बद्धकोष्ठावर उपाय करायचा तो चौथ्या दिवशी नव्हे, गोळी सुरू होते त्याच रात्री. ज्यांना पूर्वीच्या डोसात त्रास झाला आहे त्यांना डॉक्टर लॅक्टुलोजसारखे सरबत किंवा आतड्याला चालना देणारी गोळी पहिल्याच दिवसापासून देतात. इसबगोल ही आपल्याकडची पहिली धाव असते, पण त्याला भरपूर पाणी लागते. पेलाभर पाणीही पोटात टिकत नसलेल्या माणसाने इसबगोल घेतले तर ते आत घट्ट होऊन बसते. कोकणात अजूनही घरोघरी एरंडेल निघते. सुदृढ माणसाच्या पोटाला चालणारा तो खाक्या येथे नको. एनिमा किंवा गुदद्वारातून ठेवायची गोळीही परस्पर वापरू नये, कारण केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना तेथील लहानशी इजाही जंतूंना वाट देते. पोट टणक होऊन फुगले, वारा सरेनासा झाला आणि हिरवट उलटी होऊ लागली, तर आतडे अडले असण्याची शक्यता असते. तेव्हा कोणतीही गोळी न शोधता रुग्णालय गाठावे.

खाण्यापिण्याविषयी आमच्याकडे फार विचारणा होते. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, थोडी थोडी आणि वारंवार, हा आपला जुना आजारपणाचा आहार या दिवसांसाठीही उत्तम आहे; तिच्यातून पाणी आणि मीठ दोन्ही जाते. गरम अन्नाच्या वासाने उमासे येत असतील तर ती निववून द्यावी. आमसुलाचे सार अनेकांना रुचते, मात्र तोंड आले असेल तर ते झोंबते. आल्याचा उपयोग काही अभ्यासांत थोडाफार दिसला आहे. स्वयंपाकात किंवा चहात घातलेल्या आल्याला हरकत नसावी, पण आल्याच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना किंवा प्लेटलेट कमी असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, त्यामुळे उलट्यांनंतर ते उपयोगी पडते. मूत्रपिंडे अशक्त असलेल्यांनी मात्र त्याचे प्रमाण विचारून घ्यावे.

दुसरी गोळी डेक्सामेथासोन. हे स्टिरॉइड आहे, आणि उलटीच्या औषधांत सर्वांत अधिक गोंधळ घालणारे हेच, असे माझे मत आहे. उशिराच्या मळमळीवर ते फार चांगले काम करते, म्हणून ते सहसा टाळता येत नाही. मात्र त्याने झोप उडते. “रातभर डोळ्याक डोळो लागाक नाय” असे सांगत येणाऱ्याला मी प्रथम विचारतो की डेक्साची गोळी किती वाजता घेतली. उत्तर बहुधा ‘रात्री जेवल्यावर’ असेच येते. शरीरातील नैसर्गिक स्टिरॉइड पहाटे वाढते आणि रात्री उतरते. त्या चालीने ही गोळी सकाळी न्याहारीनंतर घेतली, आणि दोन वेळा असेल तर दुसरी दुपारच्या जेवणानंतर घेतली, तर झोप बरीचशी शाबूत राहते. वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, पण बहुतेक ठिकाणी एवढ्या बदलाला कोणाची ना नसते.

डेक्सामेथासोनने चेहरा लालसर होतो, पित्त वाढते, भूक अचानक लागते, आणि काही जण विनाकारण चिडचिडे किंवा नको इतके उत्साही होतात. गोळी संपल्यावर, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी, हा उसना उत्साह ओसरतो आणि माणूस एकदम गळून जातो. घरच्यांना वाटते प्रकृती बिघडली. काल अंगण झाडणारी बाई आज उठत नाही, हे पाहून घाबरणे स्वाभाविक आहे, परंतु हे बरेचदा स्टिरॉइड थांबल्याचे लक्षण असते आणि दोन-तीन दिवसांत निवळते. त्याच दिवसांत ताप येऊ शकतो, म्हणून थर्मामीटर मात्र लावून पाहावा: १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक ताप असेल तर तो थकव्यात जमा करू नये, त्याच क्षणी रुग्णालयाला कळवावे. डेक्सामेथासोन चालू असताना ताप झाकलाही जातो, त्यामुळे थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप दिसत नसला तरी गाफील राहू नये.

उचकी हा या औषधाचा एक विचित्र त्रास. तो पुरुषांत अधिक दिसतो आणि कधी कधी तासन्‌तास, क्वचित दिवसभर चालतो. घरात कोणी आठवण काढत असेल म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी ही उचकी नसते. तिने झोप आणि जेवण दोन्ही बुडते. ती सांगितली तर डॉक्टर पुढच्या खेपेस स्टिरॉइड कमी करू शकतात, बदलू शकतात किंवा उचकीसाठी वेगळे औषध देऊ शकतात. दुसरा त्रास कोणीच सांगत नाही, विशेषतः बायका: हे इंजेक्शन शिरेतून भरकन दिले गेले तर गुदद्वाराच्या आणि योनीच्या भागात अचानक तीव्र जळजळ किंवा खाज सुटते. ती मिनिटभरात जाते आणि तिने अपाय होत नाही, पण आधी माहीत नसेल तर रुग्ण भेदरून जातो. सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिल्यास ती सहसा होत नाही, म्हणून नर्सला सांगण्यात लाजण्यासारखे काही नाही.

मधुमेह असलेल्यांनी डेक्सामेथासोनकडे अधिक लक्ष द्यावे. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर वाढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ती पुष्कळदा उतरलेली असते. आमच्याकडे लोक साखर तपासतात ती उपाशीपोटी, सकाळी, कारण प्रयोगशाळेचा माणूस तेव्हाच येतो. अहवाल बरा येतो, आणि संध्याकाळी चारला साखर तीनशेच्या वर गेलेली कोणालाच कळत नाही. मे महिन्यात ती कळलीच तर खापर हापूसवर फुटते. हापूसचा दोष नाही असे मी म्हणत नाही, पण गोळीच्या दिवसांत दुपारच्या जेवणानंतर दोन-तीन तासांनी ग्लुकोमीटरने तपासणी केली तरच खरे चित्र दिसते. इन्सुलिन किंवा गोळ्यांचे प्रमाण त्या आकड्यांवरून डॉक्टर ठरवतील. अलीकडे काही उपचारांत डेक्सामेथासोन केवळ पहिल्या दिवसापुरते ठेवले तरी चालते; मधुमेही रुग्णाने हा प्रश्न आवर्जून विचारावा.

सबस्टन्स पी अडवणारे औषध म्हणजे ॲप्रेपिटंट. तीन दिवसांच्या तीन कॅप्सूलच्या पाकिटात ते मिळते: पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस ८० मिलिग्रॅम. थकवा आणि उचकी सोडल्यास त्याचा थेट त्रास कमी. त्याची खरी अडचण म्हणजे यकृतात इतर औषधांच्या कामात ते ढवळाढवळ करते. डेक्सामेथासोनचे रक्तातील प्रमाण ते वाढवते, म्हणून दोन्ही बरोबर असताना डॉक्टर डेक्सा कमी देतात. हृदयाची झडप बदललेले जे रुग्ण वॉरफरिन घेतात, त्यांचे रक्त पुरेसे पातळ राहिनासे होऊ शकते, तेव्हा त्यांची तपासणी लवकर करावी लागते. गर्भनिरोधक गोळीचा भरवसा ॲप्रेपिटंट चालू असताना आणि त्यानंतर २८ दिवसांपर्यंत राहत नाही. केमोच्या काळात गर्भ राहणे टाळायचे असल्याने तरुण जोडप्यांनी दुसरे साधन वापरावे.

ओलान्झापिनविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या गोळीने घरात विनाकारण भीती पसरते. मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि त्याला दिसते ‘स्किझोफ्रेनियावरील औषध’. मग ती गोळी पिशवीतच राहते, आणि आई ओकत राहते. ओलान्झापिन मानसिक आजारांवर वापरले जाते हे खरेच आहे. पण ते एकाच वेळी डोपामिन, सेरोटोनिन आणि आणखी काही रसायनांच्या वाटा अडवते, त्यामुळे मळमळीवर ते फार प्रभावी ठरले. उलटी थांबवणारी बहुतेक औषधे मळमळ तितकीशी थांबवत नाहीत, हे थांबवते. त्याचा मोठा त्रास म्हणजे झोप, आणि तीही दिवसा. दुसऱ्या दिवशी ती सर्वाधिक असते आणि गोळी चालू असतानाही नंतर उतरत जाते. पूर्वी १० मिलिग्रॅमची मात्रा रूढ होती. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅम मात्रा १० मिलिग्रॅमच्या तोडीस तोड ठरली आणि दिवसाची गुंगी मात्र बरीच कमी आढळली. त्यामुळे ‘झोप फार येते, मात्रा कमी करता येईल का?’ हा प्रश्न आज पूर्णपणे रास्त आहे. वजन आणि साखर वाढणे हे महिनोन्‌महिने घेतल्यावरचे परिणाम. दोन-चार दिवसांच्या गोळ्यांत त्यांची धास्ती घेऊ नये.

या गोळीने उठून उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो. शहरातील फ्लॅटमध्ये त्याचा अर्थ एवढाच की पलंगावरून सावकाश उठावे. आपल्याकडे मात्र पुष्कळ घरांत न्हाणीघर आणि संडास मागील दारी असतात, मध्ये जांभ्याच्या दोन-तीन पायऱ्या असतात आणि पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. मध्यरात्री, गुंगीत, वीज गेलेली असताना एकट्याने तेथे जाणे हा खरा धोका आहे. त्या चार रात्री कोणीतरी जवळ झोपावे, बॅटरी उशाशी ठेवावी, आणि शक्य असल्यास खोलीतच लघवीच्या भांड्याची सोय करावी. भीतीने येणाऱ्या मळमळीसाठी डोसाच्या आदल्या रात्री लोराझेपाम किंवा अल्प्राझोलाम दिली असेल तर हीच काळजी दुप्पट घ्यावी.

आता जुने औषध, मेटोक्लोप्रमाइड. पेरिनॉर्म हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे, आणि गावातल्या दवाखान्यात उलटीवर आजही ते सर्रास टोचले जाते. प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, त्याच्याच वळणाचे. ही औषधे डोपामिन अडवतात, पण मेंदूत डोपामिनवरच स्नायूंचा ताल चालतो. त्यामुळे काहींना बसवत नाही, उभे राहवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात आणि आतून काहीतरी उचंबळते आहे असे वाटते. घरचे म्हणतात, आजाराने मन अस्वस्थ झाले. ते मन नसते, गोळी असते. इंजेक्शन भरकन दिले तर हे अधिक होते.

क्वचित प्रसंगी, विशेषतः तिशीच्या आतील तरुण-तरुणींत आणि मुलांत, याहून भयंकर दिसणारा प्रकार घडतो: डोळे वर फिरतात, मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, पण बोलू शकत नाही. आपल्याकडे असे दृश्य पाहिल्यावर काही घरांत पहिला विचार बाधेचा येतो, आणि नारळ ठेवून गाऱ्हाणे घालण्यात मोलाचा वेळ जातो. गाऱ्हाणे घालणाऱ्याची श्रद्धा मी मोडायला जात नाही. त्याआधी रुग्णाला दवाखान्यात न्यावे आणि गेल्या दोन-तीन दिवसांत उलटीचे कोणते औषध दिले होते ते डॉक्टरांना सांगावे, एवढेच म्हणतो. त्यावर उतारा असलेले इंजेक्शन साध्या दवाखान्यातही असते आणि त्याने बहुधा काही मिनिटांतच वळ सुटू लागतो. एकदा असे झालेल्या व्यक्तीने ते औषध पुन्हा घेऊ नये आणि त्याचे नाव प्रत्येक डॉक्टरांना सांगावे. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये मेटोक्लोप्रमाइड दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आणि पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये अशी मर्यादा सुचवली, ती याच कारणाने. महिनोन्‌महिने घेतल्यास चेहऱ्याच्या व जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली कायमच्या मागे लागू शकतात.

डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे त्याने हे प्रकार कमी होतात. त्याची चिंता हृदयाची, आणि ती ओंडान्सेट्रॉनलाही लागू आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याच्या विजेची घडी पुन्हा बसायला ठरावीक वेळ लागतो. ही औषधे तो वेळ किंचित लांबवतात. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. परंतु उलट्यांनी पोटॅशियम घटले असेल, सिस्प्लॅटिनने मॅग्नेशियम वाहून गेले असेल, आणि वर तसाच परिणाम करणारी आणखी औषधे पडली, तर ठोक्यांची लय बिघडू शकते. याच काळजीने अमेरिकेत ओंडान्सेट्रॉनचा शिरेतून द्यायचा ३२ मिलिग्रॅमचा एकदम डोस २०१२ मध्ये मागे घेण्यात आला. ‘आणखी औषधे’ कोणती? खोकल्यासाठी परस्पर मागितले जाणारे ॲझिथ्रोमायसिन, जुलाब-लघवीसाठीचे लिव्होफ्लॉक्सासिन, तोंडातील पांढऱ्या बुरशीसाठीचे फ्लुकोनाझोल, नैराश्यावरचे एसिटालोप्राम. ही सर्व माझ्या दुकानात रोज मागितली जातात, आणि मागणारा आपण केमोच्या रुग्णासाठी नेत आहोत हे सांगत नाही. दुकानदाराने विचारावे हे खरे. पण सांगितलेले अधिक बरे. छातीत धडधड किंवा भोवळ येऊन पडणे हे या दिवसांत अशक्तपणावर ढकलू नये.

प्रवासाचा एक वेगळाच मुद्दा आमच्या भागात येतो. मुंबईहून आठ-दहा तासांची रेल्वे, मग एसटी किंवा रिक्षा, आणि कोल्हापूरहून आल्यास घाटाची वळणे. गाडी लागणे, पूर्वीच्या माणसांना बोट लागायची तसे, हे कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागातून होते. तेथे ओंडान्सेट्रॉनचा फारसा उपयोग नाही. ॲवोमिन ही गोळी त्यासाठी चालते, म्हणून लोक ती सवयीने घेतात. पण ॲवोमिनने झोप येते, आणि त्याच रात्री ओलान्झापिन घेतली तर दोन्ही गुंगी एकावर एक चढतात. ॲवोमिनने बद्धकोष्ठही वाढते. ज्यांना गाडी लागते त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे चिठ्ठीत त्याचा हिशेब धरला जाईल.

त्या मुलाच्या आईविषयी राहिले. रुग्णालयाने फोनवर ओंडान्सेट्रॉन थांबवायला सांगितले, पोट साफ होण्याचे औषध दिले, आणि दोन दिवसांत तिची मळमळ बरीच उतरली. मी मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकोनात दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या: कोणती गोळी किती वाजता घेतली, आणि काय झाले. दुसऱ्या डोसाला तो कॅलेंडरचे ते पान फाडून घेऊन गेला. डॉक्टरांनी ते वाचले आणि चिठ्ठी बदलली: ओंडान्सेट्रॉन दोनच दिवस, डेक्सा सकाळी न्याहारीनंतर, रात्री ओलान्झापिन २.५, आणि पोटाचे सरबत त्याच रात्रीपासून. डोसानंतर चौथ्या दिवशी मुलगा पुन्हा दुकानात आला. आईला पेजेबरोबर बांगडा खावासा वाटतो आहे, दिला तर चालेल का, असे विचारत होता. ताजा असेल आणि नीट शिजवला असेल तर चालेल, फार तिखट करू नको, असे मी सांगितले.